हूकची नळी की लेवेनहूकचं भिंग?

जुन्या सूक्ष्मदर्शकाची प्रतिकृती करायची, पण कोणाची? सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याची, की त्याच काळातला डच निरीक्षक लेवेनहूक याची? आधी स्पष्टता पाहा. हूकच्या नळीत अनेक भिंगांचे दोष एकमेकांत मिसळतात; कडांना रंगीत झालर येते, वर्धन साधारण 50 पट. लेवेनहूकचं एकच इवलं भिंग. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये जपलेलं त्याचं एक भिंग 266 पट मोठं दाखवतं.

खर्चात मणी, म्हणजे लेवेनहूकसारखं एकच गोल भिंग, जिंकतो. काचेचा बारीक तंतू ज्योतीत धरला की टोकाला गोळी होते. आत बुडबुडा राहिला तर ती फेकायची. गंमत म्हणजे ही रीत 1665 मध्ये हूकनेच लिहून ठेवली, पण वापरायला जिकिरीची म्हणून नळीच पसंत केली. त्याचं खरंच होतं: डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो, नमुना स्क्रूने केसभर सरकवावा लागतो.

पिसू, बुचाचा काप पाहून निवांत चित्रं काढायची असतील तर नळी. तळ्याच्या पाण्यातले जीव किंवा दातांवरचा थर पाहायचा असेल तर मणीच.