भूमितीच्या पट्ट्यांचा संच : आठाची पट्टी सातच सेंटिमीटरची

म्हापशाच्या बाजारातील एका स्टेशनरीच्या दुकानातून जूनमध्ये २४० रुपयांना घेतलेला भूमितीच्या पट्ट्यांचा संच गेले तीन महिने आमच्या घरी वापरात आहे. एकेका सेंटिमीटरवर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या २० पट्ट्या, त्या जोडण्याच्या दाबाच्या पिना, एक पारदर्शक कोनमापक, काही रबरबँड आणि एक मराठी पुस्तिका असा हा सरंजाम आहे. मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत ती मराठी शाळेत होती आणि पुढे, गोव्यातील बहुतेक मुलांप्रमाणे, इंग्रजी माध्यमात गेली. त्यामुळे पुस्तिकेतले ‘दूरस्थ आंतरकोन’ आणि ‘संमुख बाजू’ हे शब्द तिला समजावून सांगावे लागले, पण हा काही संचाचा दोष नव्हे.

खरा दोष पहिल्याच संध्याकाळी लक्षात आला. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते, हे तपासण्यासाठी मुलीने ४, ५ आणि ८ असे आकडे छापलेल्या पट्ट्या निवडल्या. चार आणि पाच मिळून नऊ, म्हणजे आठापेक्षा जास्त, तेव्हा त्रिकोण व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिन्ही पट्ट्या एकमेकींवर आडव्या पडल्या. प्रमेयच चुकीचे आहे असे तिचे मत झाले आणि पाऊण तास ती त्यावरून हटली नाही. शेवटी भोके मोजली तेव्हा उलगडा झाला. पट्टीवर छापलेला आकडा भोकांचा आहे, लांबीचा नाही. आठ भोकांमध्ये अंतरे सातच असतात, म्हणजे आम्ही ३, ४ आणि ७ सेंटिमीटरच्या बाजू जोडल्या होत्या, आणि तीन अधिक चार बरोबर सात झाल्यावर त्रिकोण मिटून रेषाखंडच उरणार. खांब मोजून कुंपणाची लांबी ठरवण्यासारखा हा जुना घोटाळा शैक्षणिक साधन बनवणाऱ्याने करावा, याचे नवल वाटते.

दुसरी उणीव पिनांची. त्या भोकात किंचित ढिल्या बसतात. एरवी एवढ्याने बिघडत नाही, पण नेमक्या बरोबरीच्या प्रसंगी ही ढिलाई खोटे बोलते. ३, ४, ७ या जुळणीत लहान बाजूंची बेरीज एका मिलिमीटरने जरी वाढली, तरी मधला शिरोबिंदू पायापासून जवळजवळ ६ मिलिमीटर वर उचलला जातो. मुलाला डोळ्यांसमोर चांगला दिसण्याजोगा त्रिकोण दिसतो आणि तो मुळात असतच नाही.

बाजू आणि कोन यांचा संबंध दाखवण्यात मात्र संच उत्तम आहे. ५, ६ आणि ९ सेंटिमीटरचा त्रिकोण जोडून कोनमापक लावला, तर त्या बाजूंसमोरचे कोन अनुक्रमे सुमारे ३२, ३९ आणि १०९ अंश येतात. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन, हे तर दिसतेच. शिवाय कोन बाजूंच्या प्रमाणात वाढत नाहीत हेही कळते, कारण ९ ही बाजू ५ च्या दुपटीहूनही कमी आहे आणि तिच्यासमोरचा कोन मात्र तिपटीहून जास्त. वर्गात हा भेद क्वचितच सांगितला जातो. रबरबँडचा प्रयोगही नेटका आहे. ६ आणि ८ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या बिजागरीसारख्या उघडत गेले की त्यांच्या टोकांना लावलेला रबर ताणत जातो, आणि तिसरी बाजू २ पेक्षा मोठी व १४ पेक्षा लहानच राहणार, हे हाताला कळते.

पुस्तिका मात्र पाच त्रिकोण जोडून झाले की ‘यावरून प्रमेय सिद्ध झाले’ असे छापून मोकळी होते. पाच त्रिकोणांनी काही सिद्ध होत नसते. दोन बाजूंच्या बेरजेच्या या प्रमेयाची सिद्धता युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या विधानात दिली आहे. सरळ वाट जवळची असते हे गाढवालाही कळते, मग सिद्धता कशाला, अशी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या अनुयायांनी तिची थट्टा केली होती, असे युक्लिडचा प्राचीन भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवून ठेवले आहे. (आमच्याकडे चोडण बेटावर आजोळी जाताना रायबंदरची फेरीबोट चुकली आणि मयेच्या बाजूने वळसा पडला की ही थट्टा पटते.) गंमत अशी की तीच सिद्धता या पट्ट्यांनी सुरेख मांडता येते. बड ही ११ सेंटिमीटरची पट्टी घ्यावी, तिच्यावर ब पासून ५ सेंटिमीटरवर अ मानून तिथे अक ही ६ सेंटिमीटरची पट्टी पिनेने अडकवावी आणि बक व कड या जागी रबरबँड ताणावेत. अड आणि अक सारख्या असल्याने कोन अकड आणि कोन अडक सारखे होतात. कोन बकड हा कोन अकडला पोटात घेऊन बसलेला, म्हणून तो कोन अडकपेक्षा मोठा. आणि मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी, म्हणून बड ही बकपेक्षा मोठी. बड म्हणजे अब आणि अक यांची बेरीजच. पट्टी कशीही फिरवली तरी युक्तिवाद ढळत नाही, हे पाहून मुलगी पहिल्यांदाच गप्प झाली.

दोन पिना चौथ्याच दिवशी मोडल्या, दुकानदाराने त्या कुरकुर न करता बदलून दिल्या. शेजारी बसून समजावणारे मोठे माणूस घरी असेल तर संच घ्यायला हरकत नाही. मुलाच्या एकट्याच्या हाती तो देऊ नये. आमच्या संचातल्या प्रत्येक पट्टीवरचा छापील आकडा मुलीने मार्करने खोडला आहे आणि त्याखाली एकाने कमी असा आकडा लिहिला आहे.