"आयसी उडालाय, ताई"

आमच्या ॲम्पमध्ये, म्हणजे रेकॉर्डचा आवाज मोठा करून स्पीकरला देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, आयसी (सगळं सर्किट एकाच तुकड्यात भरलेली चिप) नाहीच. एकही नाही. १९८०च्या आसपासचा देशी बनावटीचा ॲम्प, पाठीमागं उष्णता बाहेर टाकणारी काळी धातूची हीट सिंक, तिच्यावर चार पत्र्याचे गोल ट्रान्झिस्टर आणि आत सगळे सुटे भाग. हे मला तेव्हा माहीत असतं तर दुरुस्तीवाल्याचं फोनवर "आयसी उडालाय, ताई" ऐकल्या ऐकल्या रिक्षा करून ॲम्प परत आणला असता. माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मग टाका की नवीन."

ॲम्प अण्णांचा. अण्णा ८२ वर्षांचे. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात रविवारी सकाळी शास्त्रीय गायक मन्सूरांची रेकॉर्ड लागली नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर शिकले मंजी खाँ आणि पुढं भुर्जी खाँ यांच्याकडं, आणि भुर्जी खाँ राहायचे कोल्हापुरात, त्यामुळं अण्णांच्या लेखी मन्सूर निम्मे कोल्हापूरचेच. तर एका रविवारी ते डोळे मिटूनच म्हणाले, "एक तानपुरा गेला कुठं?" डावा स्पीकर बंद होता. मी पुढची स्पीकर 'ए-बी'ची कळ (स्पीकरची कुठली जोडी वाजवायची ते ठरवणारी) फिरवली, खर्र झालं आणि आवाज आला. पुढचा महिनाभर हेच. आवाज गेला की कळ फिरवायची. शेवटी शेवटी तीही ऐकेना, तेव्हा ॲम्प दुरुस्तीला नेला.

दुकानाचं नाव, पेठ काही लिहीत नाही. लिहून पैसे परत येणार नाहीत आणि भांडण तेवढं वाढेल. दुकानात जुने टेपरेकॉर्डर, रेडिओ रचून ठेवलेले, त्यामुळं माणूस जाणकार वाटला. मी त्याला सगळं सांगितलं. हेसुद्धा सांगितलं की हेडफोन लावला की दोन्ही बाजू झकास ऐकू येतात. तो म्हणाला, "ते सर्किट वेगळं असतंय ताई."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी फसवणूक त्यात आहे.

दोन हजार ॲडव्हान्स घेतला. चार दिवसांनी आयसीचा फोन. आठवड्यानं, "आयसीनं जाताना ट्रान्सफॉर्मर पण खाल्ला, रिवाइंडिंगला टाकावा लागंल." म्हणजे त्याची तार नव्यानं गुंडाळायची. मग तीन आठवडे उद्या या, परवा या, माणूस गावाला गेलाय. शेवटी ६,८०० रुपये झाले. त्यात रिवाइंडिंग २,२००, 'आऊटपुट सेट' २,६००, 'मेन कंडेन्सर' १,२०० आणि मजुरी. हे सगळं एका वहीच्या फाटक्या पानावर, शिक्का नाही, सही नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "ते भंगारात गेले की." निम्मे पैसे मी रोख दिले. तीही माझीच चूक.

ॲम्प नऊ दिवस वाजला. दहाव्या दिवशी अण्णांनी आवाज जरा वाढवला आणि डाव्या स्पीकरमधून घुंऽऽ असा जाड आवाज आला. मग वास. शाडूच्या मूर्तीला चुकून उदबत्ती लागून रंग जळावा तसला. मी प्लग उपटेपर्यंत वूफरच्या (पेटीतल्या मोठ्या स्पीकरच्या) मधल्या टोपीतून धूर निघत होता.

आमच्या नात्यातले एक काका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, निवृत्त होऊन उचगावला राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं आणि पहिलं वाक्य, "अगं, ह्यात आयसी आहेच कुठं?"

मग त्यांनी शंभर वॅटच्या साध्या बल्बशी सिरीज करून ॲम्प चालू केला. बल्ब भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. ॲम्प धड असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो, भरभक्कम उजेड म्हणजे आत शॉर्ट. प्लग काढून त्यांनी मोठे कंडेन्सर आधी रिकामे केले (हे घरी करू नका, बंद ॲम्पचा कंडेन्सरही झटका देतो) आणि हीट सिंकवरच्या ट्रान्झिस्टरला मल्टिमीटर लावला. डाव्या बाजूचे दोन्ही आरपार बीप, म्हणजे आतून शॉर्ट. त्यातला पहिला शॉर्ट होताच सप्लायचे २८ व्होल्ट डी.सी. थेट वूफरवर गेले. आठ ओमनं हिशोब केला तर साडेतीन अँपिअर, जवळजवळ शंभर वॅट. त्यात संगीत शून्य, सगळी उष्णता. प्लग उपटेपर्यंत कॉइल भाजून निघाली.

चारही ट्रान्झिस्टर २एन३०५५ ह्या नंबरचे. वर मोटोरोलाचा 'एम' आणि खाली १८२३. काका हसले. "हा डेट कोड. २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आणि मोटोरोलानं हा धंदा १९९९ लाच वेगळा काढला, त्याची ऑन सेमीकंडक्टर झाली. मग २०१८ मध्ये मोटोरोलाचा शिक्का मारला कुणी?" त्यांच्या डब्यात एक जुना, जळका पण अस्सल नग होता. दोन्हींच्या टोप्या त्यांनी हॅकसॉनं कापून माझ्यासमोर ठेवल्या. अस्सलमधली सिलिकॉनची चकती हरभऱ्याच्या डाळीएवढी. आमच्यातली मोहरीएवढी. खाली माइकाचा (अभ्रकाचा) पापुद्रा होता पण उष्णता हीट सिंकला पोचवणारी पांढरी पेस्ट नाही, म्हणजे जी काही उष्णता बाहेर जायची तीही कोंडलेली. मोहरीच्या दाण्यानं नऊ दिवस काढले हेच नवल.

कंडेन्सरचंही तेच. ४७०० मायक्रोफॅरडचा छापील मोठा डबा, मीटरवर भरला हजाराच्या आत. फोडला तर मोठ्या डब्याच्या आत छोटा कंडेन्सर. आपल्याकडं पेढ्याच्या बॉक्सला तळाशी पुठ्ठा घालतात तसं. आणि ट्रान्सफॉर्मर? त्याच्या स्क्रूवरचा कारखान्याचा लाल रंगाचा ठिपकासुद्धा तुटला नव्हता. चाळीस वर्षांची धूळ जागच्या जागी. त्याला कुणी हातच लावला नव्हता.

मी विचारलं, मग मुळात बिघडलं काय होतं? काका म्हणाले, "तूच सांगितलंस की. कळ फिरवली की यायचा ना आवाज?" स्पीकर 'ए-बी'च्या कळीतली पितळी टोकं काळी पडली होती. बहुतेक जुन्या ॲम्पमध्ये हेडफोनला आवाज ह्याच चार ट्रान्झिस्टरांमधून येतो, मध्ये फक्त एक रेझिस्टर असतो, आणि तो ह्या कळीच्या आधीच घेतलेला असतो. हेडफोन दोन्ही बाजूंनी नीट वाजतोय म्हणजे ट्रान्झिस्टर जिवंत, सप्लाय जिवंत, ट्रान्सफॉर्मर जिवंत. मेली फक्त कळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पंधरा-वीसदा कटकट. साडेतीनशेचा कॅन, तोही अजून पाऊण भरलेला आहे.

म्हणजे मला लुटलं ते नुसतं ६,८०० रुपयांना नाही. चांगले चार ट्रान्झिस्टर आणि चांगले दोन कंडेन्सर काढून घेतले, खोटे बसवले, आणि त्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले. ते अस्सल नग आज दुसऱ्या कुणाच्या ॲम्पमध्ये 'जपानी ओरिजिनल' म्हणून वाजत असतील.

दुकानात परत गेले. "जुन्या मालाला गॅरंटी नसते ताई. तुम्ही वायर शॉर्ट केली असणार." कापलेली टोपी काउंटरवर ठेवली तेव्हा आवाज उतरला, दीड हजार हातावर टेकवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही हे तिथं कळलं, पण बिल कुठाय? वहीचं पान आणि निम्म्या रकमेचं यूपीआय. अण्णा म्हणाले, सोड.

तुमच्या घरी असला सेट असेल तर दुकानात नेण्याआधी एवढं करा. ॲम्प बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी ॲम्पपाशी अदलाबदल करा. बंद बाजू जागा बदलून दुसऱ्या पेटीत गेली तर स्पीकर ठीक आहे, दोष मागं कुठंतरी. मग प्लेअरकडून येणाऱ्या पिना अदलाबदल करा, तेव्हा कळेल ॲम्प की प्लेअर. मग हेडफोन. पाच मिनिटांचं काम, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. दुकानदाराला झाकण तुमच्यासमोर काढायला लावा आणि फोटो घ्या, ट्रान्झिस्टरवरचे आकडे वाचता येतील असा. मी आता स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावते. काका म्हणतात चांगला मेकॅनिक रागावत नाही, उलट जुने पार्ट स्वतःहून पुडीत बांधून देतो. आणि तसे लोक आपल्या गावात आहेत, वूफरची कॉइल भरून देणारा तसाच भेटला, ९०० रुपये, जळकी कॉइल हातात.

काकांनी अधिकृत डीलरकडून ट्रान्झिस्टर मागवून बसवले. ॲम्प वाजतो. डावीकडचा तानपुरा परत आला. पण खालचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही असं अण्णांचं म्हणणं. मी तीन-चारदा डोळे मिटून ऐकलं, मला काही फरक कळत नाही. ते उजवीकडं सरकून बसतात.