३५१ ची नोटीस आणि आम्ही धरलेला कन्सल्टंट (५ पैकी ३ स्टार)

नाव मुद्दाम टाकत नाहीये, माणूस वाईट नाही, पण महापालिकेच्या नोटिशीला उत्तर द्यायचे अठरा हजार घेऊन काय केलं आणि काय नाही ते सांगतो.

मुलुंडला आमचा तळमजल्याचा फ्लॅट, ९३ ची बिल्डिंग, आई आणि बायको मिळून रोज बारा-पंधरा डबे करतात. जुलैत एकदा ऑफिसातून आलो तर सेफ्टी डोअरला डिंकाने चिकटवलेली नोटीस, पेनाने लिहिलेला भाग पावसाने फिसकटलेला. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३५१, गॅलरी अनधिकृतपणे बंद केली, सात दिवसात कारणं दाखवा. शिवाय रहिवासी जागेत धंदा चालतो अशी तक्रार. कोणी केली म्हणाल तर आमच्या फोडणीला वर कोण खोकतं एवढंच सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणे, "अरे ६४ च्या आधीचं आहे लिहून दे, सुटशील." अहो काका, ती १७ एप्रिल १९६४ ची सूट त्या तारखेआधीच्या राहत्या बांधकामांना, आपल्या बिल्डिंगच्या पूजेला तुम्हीच बसला होतात.

कन्सल्टंट पहिल्या भेटीत आवडला. चहा नको म्हणत टेप काढला, गॅलरी मोजली आणि आईला थेट विचारलं, "काकू, पोळ्यांना बाई ठेवलीय का?" आई म्हणाली, "नाही हो, आम्हीच दोघी." "मग बरंय." कारण घरच्याच माणसांनी, पगारी माणूस न ठेवता, बाहेर बोर्ड न लावता, घरगुती साधनांवर केलेलं काम रेसिडेन्शियल झोनमध्ये चालतं. आमचा 'घरगुती डबे मिळतील' त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला.

गॅलरीचं म्हणाला, आधी मंजूर प्लॅन बघू, अंदाजपंचे उत्तर द्यायचं नाही. बरोबरच बोलला. पण विक्रोळीच्या बिल्डिंग प्रपोजल ऑफिसातून कॉपी आणायचं त्याने कबूल केलं होतं आणि तिथेच घोडं अडलं, "पोरगा गेलाय, लाइन आहे", मग फोनच उचलेना. पाचव्या दिवशी मी आणि सेक्रेटरींनी सोसायटीचं कपाट उपसलं तर लिफ्टच्या बिलांखाली प्लॅनची घडी, उघडताना कडा तुटत होत्या, आणि त्यावर आमची गॅलरी चक्क बंदिस्तच दाखवलेली!

उत्तर मात्र कन्सल्टंटने झकास लिहिलं, मान्य करावं लागेल. एक पान, रडगाणं नाही, सोबत प्लॅन, डीपी रिमार्क (जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते दाखवणारा पालिकेचा कागद), फोटो. खिडकीवरची पत्र्याची शेड प्लॅनवर नव्हती, ती म्हणाला भांडत न बसता स्वतःहून काढा आणि काढल्याचा फोटो जोडा. काढली. आता पावसात ओट्यावर पाणी येतं, असो. सहाव्या दिवशी वॉर्डात जमा करून आमच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतला, तोही मीच. नंतर पालिकेचे ज्युनिअर इंजिनिअर येऊन मोजून गेले, नीट बोलले, आणि गॅलरी मंजूर असल्याची लेखी ऑर्डर आली.

हे झाल्यावर कन्सल्टंट साहेबांचा फोन, अजून पाच हजार, "वरखर्च". कसला ते सांगेना. पावती द्या म्हटलं तर म्हणे राहू दे मग. आणि आधीच्या अठरा हजारांची पावती? व्हॉट्सॅपवर दीड महिना 'उद्या पाठवतो' आहे.