स्पॅमअसॅसिन : वेषांतर केलेल्या विषयओळींची झडती

इंदूरच्या सियागंजात हत्यारे आणि यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या पेढीचा स्वतःचा मेल सर्व्हर असून त्यावर स्पॅमअसॅसिन ही मुक्त-स्रोत गाळणी बसवलेली आहे. दरपत्रके, ऑर्डरी आणि बिले मेलनेच येत असल्यामुळे याच शब्दांचा बुरखा पांघरून येणारा कचरा ओळखणे, ही तिची आमच्याकडील खरी कसोटी.

जस्टिन मेसन यांनी २००१ साली सुरू केलेला आणि २००४ पासून अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प असलेला हा प्रोग्रॅम सहसा एकाच लक्षणावरून निकाल देत नाही. प्रत्येक नियमाला गुण ठरलेले असतात आणि बेरीज ५ झाली की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. रोमन लिपीत 'इनव्हॉइस' लिहिताना त्यातला 'ओ' सिरिलिक (रशियन भाषेच्या) लिपीतून घेतला, तर माणसाच्या डोळ्यांना फरक कळत नाही आणि साधी शब्दसूची फसते; परंतु एकाच शब्दात दोन लिप्या आल्या, एवढ्यावरच गुण देणारा नियम येथे लिहिता येतो, म्हणजे लपवण्याची खटपटच पुरावा ठरते. विषयओळीत उत्तराची खूण ('Re:') आहे, पण मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदींत, म्हणजे शीर्षकांत, आधीच्या पत्राचा संदर्भ मात्र नाही, ही लबाडीही याच रीतीने पकडता येते.

मराठी पत्रव्यवहार असणाऱ्यांनी मात्र नियम जपून लिहावेत. अक्षरांच्या मधे अदृश्य चिन्हे पेरून शब्द तोडणे ही स्पॅमवाल्यांची जुनी युक्ती आहे, म्हणून अशा प्रत्येक चिन्हाला दंड करण्याचा मोह होतो; पण 'व्यापाऱ्यांसाठी सवलत' या निरुपद्रवी ओळीतला 'ऱ्या' अनेक कळफलक शून्य-रुंदीचा जोडक हे असलेच अदृश्य चिन्ह घालून उमटवतात. असा दंड रोमन अक्षरांपुरताच ठेवावा. विषयओळ सांकेतिक रूपात (रोमन अक्षरे-आकड्यांत बदलून) आली म्हणून गुण लावणेही तितकेच चुकीचे, कारण १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेट-मानकानुसार देवनागरी विषय बहुधा त्याच रूपात प्रवास करतो. डिसेंबर २०२२ मधील ४.० आवृत्तीत इंग्रजीखेरीज इतर भाषांतील मजकुराची हाताळणी बरीच सुधारली आहे. जुनी आवृत्ती चालवत राहण्यात काही अर्थ नाही.

अनुभवातून शिकणारा बेझ विभाग २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही, हे लहान पेढीला जाचक वाटू शकते. तरीही प्रत्येक मेलच्या शीर्षकात कोणते नियम लागले ते नावानिशी नोंदले जाते, आणि एखादे दरपत्रक का अडकले हे मुनीमजींना दाखवता येते, हा मला याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हा प्रोग्रॅम केवळ शिक्का मारतो. मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा की अडवायचा, हे सर्व्हरवर निराळे ठरवावे लागते. ज्यांची टपालपेटी जीमेलवर आहे, त्यांना हा तेथे बसवता येणार नाही.