दोन दिवसांचं कथाशिबिर, विषय एकच: निवेदक

लातुरात शनिवार-रविवारी भरणारं हे शिबिर फक्त 'कथा कोण सांगतंय' एवढ्यावर आहे. पहिल्या सकाळी फळ्यावर तक्ता निघतो: प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ. उशिरा पोचलात तरी बिघडत नाही, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पैसे वसूल होतात ते दुपारी, मराठी क्रियापदाला हात घातल्यावर.

सराव असा. बापू आडतीवर सोयाबीन घेऊन आलेत, टेम्पोत त्यांची बारा वर्षांची लेक बसलीय. हाच प्रसंग प्रत्येकी 200 शब्दांत तीनदा लिहायचा: मुलीचा 'मी', मुलीच्या नजरेतून तृतीयपुरुष, मग मुनीम. 'मी आडतीवर पोचले' लिहिलं की निवेदक बाई हे उघड झालं. 'मी पोतं उघडलं' यातून काहीच कळत नाही, कारण तिथे क्रियापद पोत्यामागे चालतं. निवेदक बाई की पुरुष हे पानभर झाकायचं असेल तर 'जातो-जाते', 'गेलो-गेले' टाळा, 'जाईन' चालेल. हे इथे घोटून घेतात.

त्याहून मोलाचा भाग आदरार्थाचा. 'बापू काट्याजवळ उभे राहिले' ही लेकीची नजर, 'बापू काट्याजवळ उभा राहिला' ही मुनीमाची. एकाच परिच्छेदात 'राहिले'वरून 'राहिला'वर घसरलात की वाचकाला धक्का बसतो, पण का बसला ते त्याला सांगता येत नाही. बहुतेकांचे कागद याच जागी लाल होतात.

दुसरी नेहमीची चूक माहितीची. 'ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला होता' हे टेम्पोतल्या पोरीला कुठून कळणार? तिला दिसतं एवढंच की मुनीमानं दाणा दाताखाली फोडला आणि बापूंकडे न बघता थुंकला. 'मुनीम मनात हसला' हेही तिच्या हद्दीबाहेरचं. 'मुनीमाच्या मिशीखाली काहीतरी हललं' चालेल. ऐकीव गोष्टीसाठी 'म्हणे' आहेच: 'काल रात्री गोदाम फुटलं म्हणे.' दोन अक्षरांत निवेदक तिथे नव्हता हे सांगून झालं. या 'म्हणे'वर तासभर बोलता आलं असतं, इथे पाच मिनिटांत उरकतात.

मनातले विचार कथनात मिसळण्याचं सत्र मात्र फसलंय. हातात दिलेला कागद इंग्रजीवरून उतरवलेला, काळ एक पायरी मागे न्या असं सांगणारा. मराठीत 'भाव पडलाय असं बापूंना वाटलं' यात काळ हलतच नाही. 'असं वाटलं' काढून 'भाव पडलाय. आता बियाणाची उधारी कशी फेडायची?' एवढं लिहिलं की झालं. आवाज बापूंचा आहे हे शब्दांवरून कळतं.

बोलीलाही अर्धाच तास. संवादात 'काय करायलास?' आणि कथनात पुणेरी प्रमाणभाषा, हे तृतीयपुरुषात खपतं. पण 'मी' म्हणणारी पोरगी औशाकडची असेल तर कथनालाही तीच बोली लागते, निदान क्रियापदांत तरी. यावर शिबिरात एकही सराव नाही, आणि लातुरात भरणाऱ्या शिबिरात तो नसावा हे जरा अतिच.

वाचनाला माणशी आठ मिनिटं मिळतात, तेवढ्यात तिन्ही तुकडे होत नाहीत. मुनीमाचा आधी वाचा, बापूंचा 'राहिले' बहुतेक तिथेच चुकून शिरलेला असतो.