एकास बहात्तर की एकास अठ्ठेचाळीस? विमानाच्या मॉडेलचं माप ठरवताना

पहिलं किट कोणतं घ्यावं असं विचारलं की बहुतेक जुने मॉडेलवाले सांगतात, एकास बहात्तरचं (१:७२), म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, एखादं लढाऊ विमान घ्या. लहान असतं, स्वस्त पडतं, बिघडलं तरी हळहळ नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही पहिलं किट १:४८चंच घ्या असं माझं म्हणणं आहे. आणि काही मॉडेलं हातावेगळी झाल्यावर, हा छंद वर्षानुवर्षं चालवायचा असेल तर, १:७२कडे वळायचा विचार करा. लहान ते सोपं, हा समज इथे टिकत नाही. तो का टिकत नाही ते कळलं की निम्मा निर्णय झालाच.

दोन्ही आकडे विचित्र वाटतात, कारण ते फूट-इंचांतून आले आहेत. एक इंच म्हणजे सहा फूट धरले की १:७२ होतं, आणि पाव इंच म्हणजे एक फूट धरला की १:४८. यातलं १:७२ प्लॅस्टिकच्या किटमध्ये आधी रुजलं. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीनं १९३६ साली ‘पेंग्विन’ ही मालिका याच मापात काढली. पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि आपली विमानं ओळखायला शिकवण्यासाठी हेच माप वापरलं गेलं. दहा मीटरवर धरलेलं १:७२चं मॉडेल ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, हा त्यातला हिशेब. अमेरिकेच्या नौदलानं तर १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेलं करून मागितली होती. युद्धानंतर एअरफिक्सनं हे माप घरोघर नेलं. १:४८ वाढलं ते अमेरिकेत, ऑरोरा आणि मोनोग्रामच्या हातून, आणि मग टामिया, हासेगावासारख्या जपानी कंपन्यांनी त्याला आजचं रूप दिलं.

आता प्रत्यक्ष आकार पाहा.

| विमान | १:७२ मध्ये | १:४८ मध्ये |
|---|---|---|
| मेसरश्मिट बीएफ १०९ई, पंखांचा विस्तार | १३.७ सेंमी | २०.६ सेंमी |
| स्पिटफायर मार्क १, पंखांचा विस्तार | १५.६ सेंमी | २३.४ सेंमी |
| एफ-१४ टॉमकॅट, लांबी | २६.५ सेंमी | ३९.८ सेंमी |
| बी-१७जी, पंखांचा विस्तार | ४३.९ सेंमी | ६५.९ सेंमी |

लांबीत फरक दीडपट दिसतो. पण फळीवर जागा व्यापते ती लांबी-रुंदी मिळून, आणि तिथे फरक सव्वादोनपट होतो. आकारमान तर तिपटीहून जास्त. एका लढाऊ विमानाच्या बाबतीत हे जाणवत नाही. चार इंजिनांचं बॉम्बर घरात आलं की कपाट रिकामं करावं लागतं.

हाताला काय पडतं

खरी तुलना इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्लॅस्टिकच्या साच्याला काही मर्यादा असतात. पंखाची मागची कड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ ओतणं अवघड जातं. ही कड १:४८मध्ये खऱ्या विमानावरच्या २४ मिलिमीटरएवढी होते आणि १:७२मध्ये ३६. पत्र्यांच्या जोडांच्या ज्या खाचा, म्हणजे पॅनेल लाइन, त्यांचंही तेच. ०.२ मिलिमीटरची खाच १:७२मध्ये जवळजवळ दीड सेंटिमीटरची भेग ठरते. रंगाचा थर, डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांची) फिल्म, चुकून सांडलेला गोंद, सगळं १:७२वर दीडपट जाड दिसतं. म्हणजे लहान मापात चूक लहान होत नाही. चूक तेवढीच राहते आणि मॉडेल लहान होतं.

कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, ही सर्वांत मोठी परीक्षा. चौकटी रंगवायच्या तर काच मास्किंग टेपनं झाकावी लागते. १:४८च्या स्पिटफायरवर टेपच्या पट्ट्या कापून हे जमून जातं. १:७२च्या हाइन्केल १११चं काचेचं नाक नुसत्या हातानं झाकायला बसलात तर संध्याकाळ गेली समजा. तिथे एदुआर्दसारख्या कंपन्यांचे आधीच कापलेले मास्क घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही.

सुट्या भागांचाही प्रश्न येतो. १:७२मधला पिटो ट्यूबसारखा (वेग मोजायच्या बारीक नळीसारखा) भाग चिमट्यातून उडाला की शोधायची आशाच सोडावी. त्यातून अँटेनाची तार घ्या. खरी तार चार मिलिमीटरची धरली तर १:४८ला ती ०.०८ मिलिमीटर हवी आणि १:७२ला ०.०६पेक्षाही कमी. जुनी युक्ती म्हणजे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात त्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा आणि मऊ झाला की ताणायचा. १:४८च्या तारेपुरतं ते सरावानं जमतं. १:७२ला बरेच जण तार गाळतात, आणि तीन फुटांवरून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हाच १:७२चा खरा फायदा आहे: गाळलेलं खपतं. कॉकपिट बंद केलं की आत सीटबेल्ट आहेत की नाहीत हे कोण बघणार? काच जाड, आत काळोख. १:४८मध्ये कॉकपिट उघडं ठेवायचा मोह होतो, मग सीटबेल्ट हवेत, मग घड्याळांचं पॅनेल हवं, मग इंजिनाचं झाकण काढून आतल्या नळ्या. रेझिनचे आणि फोटो-एचचे (रसायनानं कोरलेल्या पातळ पत्र्याचे) जादा भाग विकणाऱ्यांचा धंदा या मोहावर चालतो. अनेक सुंदर १:४८ मॉडेलं कॉकपिट झाल्यावर वर्षभर खोक्यात पडून असतात. मॉडेलवाल्यांच्या गप्पांत हा विनोदाचा विषय आहे आणि बराचसा खरा आहे.

रंगाचं गणित मात्र उलटं आहे. ब्रशनं रंगवणार असाल तर १:७२ सोपं. पंख छोटा, दोन-तीन पातळ हात दिले की झालं. १:४८च्या मोठ्या सपाट पंखावर ब्रशचे ओरखडे उठून दिसतात. वायेहोसारखे पाण्यातले अॅक्रिलिक ब्रशला मानवतात. टामियाचे अॅक्रिलिक ब्रशनं लावले तर दुसरा हात पहिल्याला उचलतो, ते एअरब्रशनं, म्हणजे दाबाच्या हवेनं, फवारण्यासाठीच उत्तम. म्हणून एअरब्रश घ्यायचा नसेल, तर १:७२च्या बाजूनं हा एक भक्कम मुद्दा. एअरब्रश असेल तर १:४८वर छटा पाडायला, धूर-तेलाचे डाग दाखवायला जागा मिळते. मिस्टर कलरसारखे लॅकर फवारणार असाल तर हवा खेळती ठेवा आणि नाकातोंडावर मास्क लावा, माप कोणतंही असो.

काय काय मिळतं

विषयांचा पसारा १:७२मध्ये मोठा आहे. प्रवासी-मालवाहू विमानं, समुद्री गस्तीची विमानं, जेमतेम काही नग बनलेले प्रयोगशील नमुने, हे सगळं या मापात शोधलं तर बहुधा सापडतं. पण त्यातलं पुष्कळसं ‘शॉर्ट रन’ असतं. थोड्या नगांसाठी केलेले साचे, जोडायला खुंट्या नाहीत, कडांना जास्तीचं प्लॅस्टिक, पुट्टी आणि पॉलिशपेपरचं काम भरपूर. चेक कंपन्यांनी हा प्रकार नावारूपाला आणला आणि त्यांची हल्लीची किट पूर्वीपेक्षा कितीतरी सरस आहेत, तरी नवख्यानं लांब राहावं. प्रसिद्ध लढाऊ विमानांबाबत मात्र १:४८मध्ये निवडीला तोटा नाही, आणि जादा भागांची, डिकलची रेलचेल तिथेच जास्त.

यापुढे एक गोष्ट मापापेक्षाही महत्त्वाची: साचा किती जुना आहे. खोका नवा, छपाई चकचकीत, आतला साचा मात्र १९७०च्या दशकातला, असं सर्रास होतं. मोनोग्रामचं १:४८ बी-१७ त्या काळातलं. आकार आजही देखणा, पण पॅनेल लाइन खाचेच्या नाहीत, उंचवट्याच्या आहेत, आणि सांधा घासताना त्या पुसल्या जातात. घेण्याआधी साच्याचं साल शोधा. टामियाचं १९९०च्या दशकातलं १:४८ पी-५१डी मस्टँग जुनं असूनही पहिल्या किटसाठी मी बेधडक सुचवतो, कारण भाग मोजके आणि सांधे नीट बसतात. एदुआर्दचं १:४८ स्पिटफायर नव्या साच्याचं, तपशिलांनी भरलेलं, पण बारीक भागांची संख्या पाहून नवखा माणूस खोका पुन्हा बंद करेल. १:७२मध्ये पोलंडच्या आर्मा हॉबीचं हरिकेन पाहा. या मापात किती तपशील बसू शकतो ते कळतं.

रणगाड्यांकडे ओढा असेल तर हा सगळा वाद बाजूला ठेवा. तिथे १:३५चं राज्य आहे, आणि त्याचं मूळ गमतीदार आहे. टामियानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटरी बसायला हवी होती, त्यावरून हे माप निघालं. पण विमानाशेजारी ट्रक, पेट्रोलची गाडी, माणसं मांडून छोटा देखावा करायचा असेल तर १:७२ आणि १:४८ दोन्हींत सोबतीची वाहनं मिळतात. टामियाची १:४८ लष्करी वाहनांची मालिका त्यासाठी फार उपयोगी.

मंडळी काय म्हणतात

या छंदाची माणसं सल्ला द्यायला उदार असतात, आणि सल्ला हमखास स्वतःच्या मापाचा असतो. १:७२वाले १:४८ला ‘फळी खाणारं’ म्हणतात, आणि १:४८वाले १:७२ला ‘ब्रेल स्केल’ म्हणून चिडवतात, म्हणजे डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी चाचपायचं. दोघांचं ऐका, पण त्यांच्या कपाटात काय पूर्ण झालेलं आहे तेही विचारा. नुसती न उघडलेली खोकी, ज्याला सगळे ‘स्टॅश’ म्हणतात, असतील तर सल्ल्याचं वजन थोडं कमी धरा.

१९६३ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आयपीएमएस या मॉडेलवाल्यांच्या संघटनेच्या शाखा आता अनेक देशांत आहेत. त्यांच्या स्पर्धांत विमानं सहसा मापानुसार वेगळ्या गटांत लागतात. त्यामुळे लहान मापामुळे मागे पडू ही भीती नको. परीक्षक आधी बघतात ते साधं: सांधा दिसतो का, दोन्ही पंखांचा कोन सारखा आहे का, चाकं सरळ आहेत का, काचेवर गोंदाचे डाग आहेत का. एखादा खिळेमोजू, म्हणजे बारीकसारीक तपशील मोजत बसणारा, येऊन खाच अर्ध्या मिलिमीटरनं पुढे असल्याचं सांगेलच, पण बक्षीस बहुधा स्वच्छ कामाला जातं. आणि स्वच्छ काम शिकायला १:४८ बरं, कारण तिथे सांधा घासायला बोटांना जागा असते. ‘ग्रुप बिल्ड’मध्ये, म्हणजे एकाच विषयावर ठरल्या मुदतीत सगळ्यांनी मॉडेल करायचं, तिथे मुदत गाठणं १:७२ला सोपं जातं.

मग कोणी काय घ्यावं

पन्नाशी ओलांडली असेल आणि जवळचं बघायला चष्मा लागत असेल तर १:४८, किंवा डोक्याला बांधायचं भिंग. त्याशिवाय १:७२च्या वाट्याला जाऊ नका. जागा एकाच फळीची आणि आवड एखाद्या युद्धाची, सगळ्या बाजूंची विमानं ओळीनं हवीत, तर १:७२. तिथे मजा एकेका मॉडेलात कमी आणि रांगेत जास्त असते. बीएफ १०९शेजारी लँकेस्टर हे बॉम्बर ठेवलं की एका माणसाचं विमान आणि सात माणसांचं विमान यांतला फरक एका नजरेत कळतो. १:४८मध्ये हे करायचं तर लँकेस्टरलाच ६५ सेंटिमीटर लागतात. एकाच विमानाचं वेड असेल, त्याचा प्रत्येक नमुना, प्रत्येक रंगसंगती करायची असेल, तर १:४८ला तोड नाही.

मधला मार्गही बरेच जण घेतात: एका इंजिनाची विमानं १:४८, बॉम्बर १:७२. जागेच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे आणि मीही तेच सुचवेन, फक्त दोन्ही एका फळीवर ठेवू नका. १:४८चं स्पिटफायर १:७२च्या लँकेस्टरच्या निम्म्याहून मोठं दिसतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही विमानं चुकीची वाटू लागतात.