तीन थरांचं स्की जॅकेट : एका टॉवेलवालीचा रिव्ह्यू

जॅकेट घ्या, पैसे वसूल होतात. फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकते, हे जॅकेट गरम नाही. आत रुई नाही, पिसं नाहीत, साधं अस्तरसुद्धा नाही. हातात घेतलं की पावसाळी विंडचीटरच वाटतं. माझ्या नणंदेनं ते उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "वहिनी, एवढ्या पैशात अख्ख्या घराचे स्वेटर आले असते की ओ."

सेलमध्ये मला ते 16,000 च्या आसपास पडलं, छापील किंमत बरीच वर आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलतं आणि याच मापाचं कापड बऱ्याच कंपन्या वापरतात. नावापेक्षा आतल्या लेबलवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

सोलापुरात बसून स्कीच्या जॅकेटवर लिहिणं थोडं हास्यास्पद आहे, मान्य. आमच्याकडे थंडी म्हणजे गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पहाटे कानाला रुमाल बांधायचा आणि अकरा वाजता सावली शोधायची. पण मला स्कीचं वेड लागलंय आणि आता ते जात नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत घर सोडून जायची आमच्याकडे सोय नाही, त्यामुळे अक्षता सोहळा, गड्डा सगळं उरकून मी फेब्रुवारीत गुलमर्ग गाठते. पूर्वी फेब्रुवारी म्हटलं की बर्फाची खात्री असायची. आता चिल्लई कलां, म्हणजे 21 डिसेंबर ते 30 जानेवारी हे काश्मीरचे कडक थंडीचे चाळीस दिवससुद्धा कोरडे जातात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार मातकट दिसत होते, बर्फ पडला तो महिना संपताना. 2025 मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. सगळा खेळ पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचा, म्हणजे हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेचा. ते आले की दोन दिवसांत कमरेएवढं पडतं, नाही आले की आठवडाभर निळं आभाळ आणि दगडासारखा कडक बर्फ.

म्हणजे तारखा ठरवताना तुम्हाला ठाऊकच नसतं की आपण थंडीसाठी कपडे घेतोय, पावसासाठी की उन्हासाठी. त्यात गुलमर्गचा उतार उभा आहे. गाव साधारण 2,650 मीटरवर, आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर जवळजवळ 4,000 मीटरला नेऊन सोडतो. हजार मीटर वर गेलं की सरासरी साडेसहा अंश उतरतात, तेव्हा खाली शून्य असेल तर वर उणे आठच्या पुढे, आणि वारा वेगळा. एकाच दिवशी खाली चिकचिकीत पाणीदार बर्फ अंगावर पडतो आणि वर पिठासारखा कोरडा. जाड रुईदार जॅकेट घालून गेलात तर वर बरं वाटतं, खाली घामानं भिजता, आणि पुन्हा वर गेलात की तोच घाम गार पडतो. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग गावात भाड्यानं मिळणारे लांब कोट फोटोसाठी ठीक आहेत. ते घालून पडलात की उठताना कोटावरच पाय पडतो.

म्हणून हे बिनअस्तराचं जॅकेट. वारा आणि पाणी अडवणं एवढंच त्याचं काम, ऊब आतल्या कपड्यांनी द्यायची. आत मी मेरिनो लोकरीचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घालते आणि त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक स्वेटर. ऊन पडलं की फ्लीस काढून सॅकमध्ये, ढग आले की पुन्हा अंगात. निघताना थोडं गारठल्यासारखं वाटलं पाहिजे, पहिल्या दहा मिनिटांत अंग तापतंच.

आता कापड. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, त्यामुळे कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायची सवय. उलटं केल्यावर तीन थरांचा खरा प्रकार कळतो. बाहेर घट्ट विणीचं नायलॉन, त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्याच्या चौकटी, म्हणजे एका ठिकाणी फाटलं तरी चीर पुढे धावत नाही. मधे पाणी अडवणारा आणि बाफ बाहेर सोडणारा पडदा, तो दिसत नाही. आत अंगाला लागणारी बारीक जाळीदार निट. हे तिन्ही थर एकमेकांना चिकटवलेले, सुटे नाहीत. दोन थरांच्या स्वस्त जॅकेटमध्ये आत अस्तर लोंबतं आणि घामानं पाठीला चिकटतं.

शिवणीवर नीट नजर टाका. सुई गेली तिथे भोक पडलं, आणि पाणी आधी तिथूनच शिरतं. या जॅकेटला आतून प्रत्येक शिवणीवर टेप आहे, काखेत आणि टोपीच्या जोडावरसुद्धा. काही कंपन्या फक्त खांद्यावर आणि छातीवर टेप लावतात आणि जाहिरातीत टेपवाली शिवण म्हणून मोकळ्या होतात. दुकानात जॅकेट उलटं करायला लाजू नका. ऑनलाइन घेत असाल तर आतल्या बाजूचा फोटो मागा.

लेबलवर दोन आकडे आहेत, 20,000 आणि 15,000. पहिला मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा किती उंच खांब उभा केला तरी ते आत झिरपत नाही, तेवढा. म्हणजे 20 मीटर. एवढं कशाला, असं वाटेल. पण ओल्या चेअरलिफ्टवर बसलात किंवा गुडघ्यावर पडलात की त्या जागी दाब एकदम वाढतो, पावसाच्या थेंबाचा दाब त्यापुढे काहीच नाही. 10,000 च्या कपड्यात कोरड्या बर्फावर निभतं, ओल्या बर्फात दिवस काढायचा तर मी 20,000 च्या खाली जाणार नाही. दुसरा आकडा एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम बाफ बाहेर जाते त्याचा. हा मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडत बसू नका.

मला चैन पडेना म्हणून युनिटमध्येच चाचणी घेतली. आमचा 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम) कोरडा टॉवेल वजन करून खाली पसरला, त्यावर जॅकेटची पाठ, त्यात खळगा करून पाणी भरलं आणि दुपारभर तसंच ठेवलं. संध्याकाळी टॉवेल पुन्हा काट्यावर. वजन तेवढंच. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बघत होता, तो म्हणाला, "मॅडम, आपण आयुष्यभर पाणी पिणारं कापड विणायचं आणि तुम्ही न पिणाऱ्याला एवढे पैसे मोजलात." गाव कापसावर मोठं झालं, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मीच लिहितेय की बर्फात सुती बनियन घालू नका. पण खरं आहे ते. सूत घाम पितं, सोडत नाही आणि ओलं झालं की ऊब धरत नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. आपली चादर न्यावी, हॉटेलच्या पलंगावर तिच्यासारखं काही नाही.

प्रत्यक्ष वापरात सगळ्यात कामाला आल्या त्या काखेतल्या चेन. कोपरापासून बरगडीपर्यंत उघडतात. ऊन असताना दोन्ही उघडायच्या, गोंडोलातून उतरल्यावर वाऱ्यात बंद. ही एक सोय नसेल तर बाकी आकडे कितीही मोठे असोत, मी जॅकेट घेणार नाही. चालता-घसरताना अंगातून जेवढी बाफ निघते तेवढी कुठलाच पडदा एकटा बाहेर टाकू शकत नाही.

टोपी हेल्मेटवरून बसते आणि मान वळवली की तीही वळते. कमरेला आत लवचीक पट्टा आहे, पडल्यावर बर्फ पाठीत शिरत नाही. आतल्या बाजूला जाळीचा मोठा खिसा, त्यात मी गॉगलची दुसरी काच ठेवते. बदलत्या हवेत ही काच जॅकेटएवढीच महत्त्वाची आहे. उन्हासाठी एस-3, तिच्यातून 8 ते 18 टक्केच उजेड येतो. ढग उतरले की त्याच काचेतून सगळं सपाट पांढरं होतं, उंचवटा कुठे आणि खड्डा कुठे काही कळत नाही, आपण हलतोय की थांबलोय हेसुद्धा. तेव्हा एस-1 लावायची, 43 ते 80 टक्के उजेड देणारी. गॉगल दोन काचांसकटच घ्या, सुटी काच महाग पडते.

बाहीत एक छोटा रिफ्लेक्टर शिवलाय, शोधपथकाच्या यंत्राला तो परत संकेत देतो. जाहिरातीत याचा फार गवगवा आहे. आखलेला उतार सोडून बाहेर जाणार असाल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका, बीकन (बर्फाखालून संकेत देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि तिथला गाइड लागतोच. हंगाम कोरडा सुरू झाला की जमिनीलगतचा पातळ बर्फ थंडीत साखरेसारखा सुटा होतो आणि वरून एकदम जड थर पडला की तो धरून ठेवत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये खेलो इंडिया स्पर्धा चालू असतानाच गुलमर्गला हिमस्खलनात एका परदेशी स्कीयरचा जीव गेला. गस्तीवाल्यांनी गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवला की खालच्या रांगेत आपले लोक वाद घालत असतात, पैसे भरलेत म्हणून. मला त्यांची कमाल वाटते.

आता तक्रारी. काखेची चेन एका हातानं ओढली की मधेच कापड धरते, ग्लव्ह काढल्याशिवाय सुटत नाही. उणे दहात ग्लव्ह काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलाय त्यालाच विचारा. मी चेनला सुतळीचे लांब फुंदे बांधले तेव्हा जमायला लागलं, पण हे कंपनीनं करायला हवं होतं. हनुवटीजवळचा वेल्क्रो लोकरीच्या गळपट्ट्याला चावतो आणि धागे ओढून काढतो. कापड कडक आहे, हात हलवला की चुरचुर आवाज येतो, लिफ्टवर शेजारचा काय म्हणतोय ते दोनदा विचारावं लागतं. आणि आतली निट पांढरी का ठेवलीय, देव जाणे. सनस्क्रीनमुळे गळ्याचा भाग पहिल्याच मोसमात पिवळा पडला.

वरचा पाणी झटकणारा लेप नव्या प्रकारचा आहे, फ्लोरिनची रसायनं नसलेला. पर्यावरणाला चांगला, पाणीही छान झटकतो, पण तेलापुढे हात टेकतो. मी सॅकमध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेतेच, दुपारी बर्फात बसून खायला याहून सोयीचं काही नाही. चटणीच्या तेलाचा एक डाग बाहीच्या टोकाला लागला आणि त्या गोल जागेत पाणी मुरायला लागलं. आत गळत नाही, पडदा शाबूत असतो. पण बाहेरचं कापड भिजलं की बाफ बाहेर पडायची थांबते आणि आतून ओलं ओलं वाटायला लागतं. लोक म्हणतात जॅकेट गळतंय. बऱ्याचदा ते फक्त मळलेलं असतं.

तेव्हा धुवा, घाबरू नका. पातळ साबण, कोमट पाणी, सॉफ्टनर अजिबात नाही, तो लेपावर बसतो. साबण राहिला तरी पाणी मुरतं, म्हणून दोनदा खळबळायचं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि बोअरचं पाणी जड, म्हणून मी पाण्याच्या दिवशीच धुते. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवायची, उष्णतेनं लेप पुन्हा उभा राहतो. हॉटेलात मात्र बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, पायाशी वाळत टाकू नका, तिथे लोक रात्री सगळं लटकवतात आणि सकाळी टेप सुटलेली असते.

सोलापुरात खरी परीक्षा एप्रिल-मेची. स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवाल तर टेपचा गोंद सुटतो, पडद्याचे पापुद्रे निघतात, स्कीच्या बुटांचं प्लास्टिकही अशानं भुसभुशीत होतं. मी जॅकेट हँगरला सैल टांगून खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीच्या कपाटात ठेवते. घडी नाही, व्हॅक्यूमची पिशवी नाही. तिसरा उन्हाळा चालू आहे, टेप अजून जागेवर आहे.

याच कंपनीची पँट घेऊ नका. कमरेची बटणं तकलादू आहेत आणि मागचा भाग पुरेसा वर येत नाही. दुसऱ्या कुणाची छातीपर्यंत येणारी, खांद्याला पट्टे असलेली घ्या.

साइज युरोपची आहे, हाताला लांब आणि पोटाला तंग. फ्लीस अंगात घालूनच माप घ्या आणि दोन्ही हात वर करून बघा, कंबर उघडी पडली तर एक नंबर मोठा मागवा. रंग नारिंगी किंवा पिवळा. पांढरं अजिबात नको, ढगात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही.